मनुष्याचा हात आणि देवाचे वचन



छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) ह्या शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या वेरूळास आपली सहल गेली होती. सोळाव्या लेण्यापुढे, म्हणजे कैलासापुढे, सर्वजण थक्क होऊन उभे असता एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, हे कोणी केले?"

मी म्हणालो, "आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळी हे घडले, असे विद्वान मानतात."

"पण छिन्नी तर पाथरवटांच्याच हाती होती ना?"

"होय. हात पुष्कळ होते, संकल्प एक होता. डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदीत आल्यावाचून असे मंदिर निघत नाही."

तो क्षणभर थांबला व म्हणाला, "मग बायबलही माणसांनीच लिहिले ना? त्यास देवाचे वचन कां म्हणतात?"

प्रश्न उत्तम होता. परंतु परतीच्या गडबडीत त्याचे उत्तर पुरते देता आले नाही. ते येथे देतो. आपल्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले शिकतात. ख्रिस्ती लोक ह्या बाबतीत काय मानतात व कां मानतात, एवढेच सांगण्याचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानात घ्या की, बायबल हे एक पुस्तक दिसत असले तरी तो ग्रंथांचा संग्रह आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्या त्यात ६६ ग्रंथ धरितात, रोमन कॅथलिक मंडळी ७३ धरिते. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत व काही थोडा अरामी भाषेत आहे. नवा करार ग्रीक भाषेत आहे. राजे, मेंढपाळ, कोळी, वैद्य अशा नाना प्रकारच्या मनुष्यांचा ह्या लेखनाशी संबंध आहे. श्रद्धा व आचरण ह्यांविषयी ह्या ग्रंथाचा शब्द प्रमाण, हाच त्याचा अधिकार होय. तो अधिकार मंडळीने ठराव करून दिला असे ख्रिस्ती लोक मानीत नाहीत. इसवी सन ३६७ मध्ये अथनेशियस ह्या बिशपाने आपल्या पत्रात नव्या कराराचे आज मान्य असलेले २७ ग्रंथ नमूद केले. परंतु सोनार सोने पारखतो तेव्हा ते सोने तो उत्पन्न करीत नाही, तसेच हे समजावे. रोमन कॅथलिक मंडळी शास्त्राबरोबर प्रेषितांपासून आलेल्या परंपरेसही मान देते. प्रॉटेस्टंट मंडळ्या शास्त्र हेच अंतिम प्रमाण मानितात. शास्त्र देवप्रेरित आहे, ह्याविषयी मात्र दोहोंचे एकमत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पौलाने तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात शास्त्रलेखाविषयी जो ग्रीक शब्द योजिला आहे, त्याचा अर्थ देवाच्या श्वासाने निघालेला असा होतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात म्हटले आहे की, संदेष्टे पवित्र आत्म्याने वाहून नेले जाऊन बोलले. तेथील क्रियापद प्रेषितांच्या कृत्यांत वाऱ्याने वाहून नेलेल्या तारवाविषयीही आले आहे. तारू वाऱ्याने जाते, तरी खलाशी खलाशीच राहतात. म्हणूनच लूक आरंभीच सांगतो की, आपण सर्व गोष्टींचा मुळापासून नीट शोध करून लिहीत आहो. आणि तीमथ्याच्या त्याच पत्रात पौल त्रोवस येथे राहिलेला आपला झगा व चर्मपत्रे घेऊन येण्यास सांगतो. थंडीने कुडकुडणाऱ्या मनुष्याची ही ओळ शास्त्रातून कोणी गाळली नाही. देवाने मनुष्याची बुद्धी, श्रम व दुःख बाजूस सारिले नाही. त्यांच्याच द्वारे तो बोलला, अशी ही श्रद्धा आहे.

ह्याचा सुंदर दाखला यिर्मयाच्या ३६ व्या अध्यायात आहे. यिर्मया सांगे व बारूख शाईने पटावर लिही. तो पट यहूदाचा राजा यहोयाकीम ह्याच्यापुढे वाचिला गेला. हिवाळ्याचे दिवस होते. राजापुढे शेगडी पेटलेली होती. तीनचार स्तंभ वाचून होताच राजा तेवढा भाग चाकूने कापी व विस्तवात टाकी. शेवटी सगळा पट जळाला. मग यिर्मयाने दुसरा पट घेतला. बारूखाने सर्व वचने पुन्हा लिहिली, आणि तशाच आणखी पुष्कळ वचनांची त्यात भर पडली. कैलासाचा एखादा हत्ती भंगला तर तो पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. येथे मात्र पट राख झाला आणि वचन उरले.

वचन देवाचे मानिले म्हणजे मनुष्याची जबाबदारी वाढते. आपल्याच जिल्ह्यातील पैठणचे संत एकनाथ ह्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, पाठभेदांनी बिघडलेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तीत कोणी पदरची ओवी घालू नये असे बजाविले. ग्रंथाविषयीचा हा आदर मराठी मनास परका नाही. बायबलाच्या नकला करणाऱ्यांनीही असाच आदर बाळगिला. मृत समुद्राजवळच्या गुहांत १९४७ च्या सुमारास यशयाच्या ग्रंथाचा जो पट सापडला, तो पूर्वी ठाऊक असलेल्या पूर्ण हिब्रू हस्तलिखितांहून सुमारे हजार वर्षांनी जुना होता. अक्षरलेखनाचे व काही शब्दांचे भेद त्यात आहेत. तथापि ग्रंथ तोच आहे.

परंतु वचन कळलेच नाही, तर त्याचा अधिकार मानावयाचा कसा? श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी ह्यांनी पंडितांच्या साह्याने १८११ साली मराठी नवा करार छापिला. पुढे पंडिता रमाबाईंनी हे कार्य आपल्या रीतीने हाती घेतले. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा तेथील वडीलधाऱ्यांशी त्यांचा मतभेद झाला. एका पुरोहितवर्गाचे जू टाकून दुसऱ्याचे मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. देवाचे वचन आपण वाचून, आपल्या सद्विवेकाने समजून घेणार, असा त्यांचा आग्रह होता. वचनाचा अधिकार निराळा आणि ते सांगणाऱ्या मनुष्याचा अधिकार निराळा, हा भेद त्यांनी अचूक ओळखिला. हा भेद जेथे विसरला गेला, तेथे बायबलाचाच आधार दाखवून लोकांनी गुलामगिरीसारख्या गोष्टींचेही समर्थन केले, हे ख्रिस्ती मनुष्याने लपवू नये.

रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि अल्पशिक्षित बायांसही समजेल अशा सोप्या मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले. केडगावच्या मुक्ति मिशनात तेथील स्त्रियांनीच खिळे जुळविले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा वारली, तरी रमाबाईंनी काम सोडिले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले आणि १९२४ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. संस्कृतात पारंगत असलेल्या ह्या विदुषीने आपली सारी विद्या निरक्षर बहिणीच्या पायरीवर आणून ठेविली. वचनाचा अधिकार मानणे म्हणजे काय, ह्याचे ह्याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

तेव्हा, वेरूळास प्रश्न विचारणाऱ्या माझ्या बाळा, तुझे म्हणणे खरे आहे: बायबल मनुष्यांच्या हातांनीच लिहिले गेले. ख्रिस्ती मनुष्य त्या हातांमागे एक संकल्प पाहतो. तो संकल्प बळजबरीने कोणास दाखविता येत नाही. पालकांनीही घरी मुलांचे असे प्रश्न दाबू नयेत. शांतपणे ऐकावे व त्यांच्यासह वाचावे. आणि जो ह्या ग्रंथास देवाचे वचन म्हणतो, त्याने शेजाऱ्यावर प्रीती करण्याची त्यातील आज्ञा आज आपण पाळिली की नाही, हे निजण्यापूर्वी स्वतःस विचारावे. ग्रंथाचा अधिकार आपण खरोखर मानितो किंवा नाही, हे तेथेच कळते.