बेट गेलें, कोळीवाडा राहिला

"मुंबई हें बेट आहे," असें भूगोलाच्या तासाला सांगितलें, म्हणजे आमच्या वर्गांतील मुलें एकमेकांकडे पाहूं लागतात. मुलुंडला गाडींत बसावें आणि पाय न भिजवितां मुंबईच्या टोकाला उतरावें. वाटेंत समुद्र कोठेंच आडवा येत नाहीं. मग बेट तें कसलें? ही शंका रास्त आहे. तिचें उत्तर शोधण्यासाठीं आम्ही आज वरळीच्या कोळीवाड्याकडे वळत आहोंत.

मुलुंड ज्या भूमीवर वसलें आहे, तें साष्टी बेट. त्याच्या दक्षिणेस कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, माहीम व वरळी अशीं सात लहान बेटें होतीं. मुंबई व वरळी यांच्यामधील खिंडारांतून भरतीचें पाणी आंत शिरे आणि मधली सखल जमीन बुडवून टाकी. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यानें, विलायतेंतील संचालकांचा विरोध असतांहि, तें खिंडार बुजविण्याचें काम हातीं घेतलें. १७८४ च्या सुमारास बांध पुरा झाला आणि वरळीचें बेटपण संपलें. पुढें १८०५ सालीं शीवचा व १८४५ सालीं माहीमचा रस्ता होऊन मुंबई साष्टीला जोडली गेली. साष्टीभोंवतीं मात्र वसईची व ठाण्याची खाडी आजहि आहे. तिच्यावर पूल झाले, एवढेंच.

वरळीच्या उत्तर टोकाला इंग्रजी अमदानींतील लहानसा किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याशीं दाटीवाटीनें वसलेला कोळीवाडा. तेथें गोलफादेवीचें देऊळ आहे, दोरीवर वाळणारे बोंबील आहेत, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करण्याची चाल आहे. बांधानें कोळ्यांचें घर जमिनीशीं जोडलें. त्यांचें शेत मात्र समुद्रच राहिलें. तें कोणी नांगरीत नाहीं, त्याचा सातबारा नसतो. म्हणून परक्याला तें दिसत नाहीं.

हॉलंड देशांत उर्क नांवाचें असेंच एक कोळ्यांचें गांव आहे. तेंहि पूर्वीं बेट होतें. १९३२ सालीं डच लोकांनीं ३२ किलोमीटर लांबीचा बांध घालून तेथील उपसागर कोंडला. खाऱ्या पाण्याचें हळूहळू गोडें सरोवर झालें. १९३९ सालीं आणखी एका बांधानें उर्क भूमीला जोडलें गेलें आणि शेजारचा समुद्रतळ कोरडा करून तेथें शेतें करण्यांत आलीं. आतां हे कोळी शेतकरी होणार, असें कोणालाहि वाटलें असतें. परंतु उर्कच्या कोळ्यांनीं आपल्या नावा दूरच्या उत्तर समुद्रांत नेल्या. आजहि तें हॉलंडांतील मासेमारीचें एक प्रमुख गांव आहे. त्याची स्वतःची बोली आहे, आणि रविवारीं नावा बंदरांत ठेवण्याचा रिवाज तेथें पाळला जातो.

वरळीपुढेंहि असाच प्रसंग आला. २००९ सालीं वांद्रे-वरळी सागरी पूल झाला. नंतर किनारी रस्ता त्याला जोडण्याचें काम निघालें. कोळ्यांच्या बंदरासमोर येणाऱ्या खांबांमधील अंतर ६० मीटर ठरलें होतें. वाऱ्यालाटांत नाव खांबावर आपटेल, असें म्हणून कोळ्यांनीं हरकत घेतली. अखेर एक खांब गाळून तें अंतर १२० मीटर करण्यांत आलें. कोळ्यांची मागणी याहूनहि अधिक होती. तरी एक गोष्ट सर्वांस मान्य करावी लागली: समुद्रावरहि वाट असते, आणि ती वाट कोणाच्या तरी पोटाची असते.

विद्यार्थी मित्रहो, गांवाची ओळख केवळ नकाशावर नसते. ती धंद्यांत, बोलींत व आठवणींत असते. आपल्या मुलुंडच्या पूर्वेस मिठागरें व खाडी आहे. भरतीचें पाणी पूर्वीं कोठवर येई, हें घरांतील वडील माणसांना अवश्य विचारा. आणि बाजारांत मासळी घेतांना, ती कोणत्या बंदरावरची, हें कोळीणमावशींना विचारण्यास विसरूं नका. पालकांनींहि या उत्तरांत भर घालावी, अशी आमची विनंती आहे.