व्हिस्बीचा तट

(तट शहराचे रक्षण करतो, पण तो माणसामाणसांत दुरावाही निर्माण करतो. स्वीडनमधील एका लहान शहराचा हा इतिहास वाचा.)

मुलांनो, पूर्वी शहराभोवती तट कशासाठी बांधत? तुम्ही म्हणाल, "परकीय शत्रूसाठी." व्हिस्बीच्या तटाची हकीकत मात्र निराळी आहे.

बाल्टिक समुद्रात गॉटलंड नावाचे बेट आहे. तेथील शेतकरी शेतीबरोबर व्यापारही करीत. नवव्या-दहाव्या शतकांत अरबांचे चांदीचे दिरहमसुद्धा या बेटावर पोहोचले होते. पुढे बेटावरील व्हिस्बी बंदरात जर्मन व्यापारी स्थायिक झाले. रशियाचे मेण आणि पश्चिमेकडील मीठ व कापड यांच्या व्यापारावर शहर श्रीमंत झाले.

शहर वाढले, तसा शेतकऱ्यांशी तंटाही वाढला. १२८८ मध्ये दोघांत युद्ध झाले. शहराने आपला तट अधिक उंच केला. सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा हा तट आपल्याच बेटावरील लोकांना दूर ठेवू लागला.

१३६१ मध्ये डेन्मार्कचा राजा वाल्देमार याने बेटावर स्वारी केली. २७ जुलै रोजी शेतकऱ्यांनी तटाबाहेर त्याच्या कसलेल्या फौजेशी शेवटची झुंज दिली. शहराच्या वेशी बंदच राहिल्या. सुमारे १८०० शेतकरी मारले गेले. विसाव्या शतकात तेथील सामुदायिक कबरी खणल्या, तेव्हा त्यांत कोवळ्या मुलांची व वृद्धांचीही हाडे सापडली. शहराने मात्र न लढता शरणागती पत्करली. राजाने शहराचे हक्क कायम ठेवले.

पण ते वैभव टिकले नाही. १५२५ मध्ये ल्यूबेक या जर्मन शहराच्या सैन्याने व्हिस्बीत जाळपोळ केली. १६४५ च्या तहाने बेट स्वीडनकडे आले. अनेक चर्च ओसाड पडली. तट मात्र उभा राहिला. १९९५ मध्ये या शहराची जागतिक वारसास्थळांत नोंद झाली.

मुलांनो, आज लोक तो तट कौतुकाने पाहतात. तटाबाहेर, मृतांना पुरले त्या जागी एक दगडी क्रूस आहे. तट पाहताना त्या क्रूसाचीही आठवण ठेवा.

शब्दार्थ
तंटा – भांडण. कसलेली – अनुभवी, तयार. वेस – शहराचा दरवाजा. तह – समझोता. ओसाड – उजाड

स्वाध्याय
१. व्हिस्बी शहर कशामुळे श्रीमंत झाले?
२. शहराने तट उंच का केला?
३. वेशी उघडल्या असत्या तर काय झाले असते? पाच-सहा ओळी लिहा.