बेकारी भत्ता वाढला, पण तो मिळणार कुणाला?

बेकारी भत्त्याचा विषय निघाला की हा सरकारचा आणि युनियनवाल्यांचा मामला आहे, असे म्हणून आपण व्यापारी लोक पान उलटतो. आमच्या मते हा विषय जितका कामगाराचा तितकाच दुकानदाराचाही आहे. संगमनेरच्या बाजारपेठेत कापड घ्यायला येणारे पुष्कळसे गिऱ्हाईक पगारावर किंवा मजुरीवर जगते. त्याचे काम सुटले की घरात आधी धान्य, मग औषध, मग मुलांची फी. कपड्याचा नंबर सर्वांत शेवटी. ईद, दिवाळी किंवा लगीनसराईत त्याने उधार नेलेल्या मालाची रक्कम वहीतच पडून राहते. तेव्हा या भत्त्याचा हिशेब आपणही समजून घेतला पाहिजे.

पूर्वी काय होते?

१९४८ च्या कायद्याने कर्मचारी राज्य विमा योजना आली. तीत आजारपण, बाळंतपण आणि कामावरचा अपघात यांची सोय होती. बेकारीची नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढच्या वर्षांत अनेक गिरण्या बंद पडल्या आणि कापडाचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकले. आपल्या दुकानांत माल येत राहिला. परंतु ज्याची गिरणी कायमची बंद झाली, त्याला विम्यातून दरमहा काही मिळण्याची तरतूदच नव्हती.

ती तरतूद १ एप्रिल २००५ रोजी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेने आली. कारखाना बंद झाला किंवा कामगार कपात झाली तर निम्म्या पगाराइतका भत्ता मिळू लागला. त्यानंतर १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. तिचा भत्ता सरासरी रोजंदारीच्या २५ टक्के, आणि तोही जास्तीत जास्त ९० दिवस. २०२० च्या महामारीत लाखो लोकांचे काम गेले, तेव्हा हा दर २४ मार्च २०२० पासून ५० टक्के करण्यात आला. अर्जासाठी पूर्वी ९० दिवस थांबावे लागे, ते ३० दिवसांवर आले. मालकामार्फत न जाता कामगाराला थेट अर्ज करण्याची मुभा मिळाली. मात्र ही वाढ कायमची म्हणून दिली गेली नाही. ती मुदतीची होती आणि मुदत संपत आली की पुढे वाढवली गेली.

हिशेब करून पाहू

समजा, एका कामगाराचा पगार १२,००० रुपये आहे. १ जुलै २०१९ पासूनच्या दराने मालकाची वर्गणी ३.२५ टक्के, म्हणजे ३९० रुपये, कामगाराची ०.७५ टक्के, म्हणजे ९० रुपये. दोघांची मिळून महिन्याला ४८० आणि दोन वर्षांत ११,५२० रुपये. काम सुटल्यावर २५ टक्के दराने तीन महिन्यांत त्याच्या हाती साधारण ९,००० आले असते. ५० टक्के दराने १८,००० येतात. शिवाय त्याच वर्गणीत घरच्यांचा दवाखाना आणि आजारपणाचा भत्ता आहेच.

अट अशी की, कामगार किमान दोन वर्षे विम्यात असावा. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्षाचे दोन वर्गणी काळ असतात. काम सुटण्याच्या लगतच्या काळात किमान ७८ दिवसांची आणि आधीच्या तीनपैकी एका काळात तितक्याच दिवसांची वर्गणी भरलेली हवी. म्हणजे मालकाने हजेरीत दिवस कमी दाखवले की कामगाराचा हक्क तिथेच बुडाला.

हे पुरेसे आहे काय?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५२ च्या ठरावाने बेकारीत किमान ४५ टक्के आणि वर्षात १३ आठवडे, असे माप घालून दिले आहे. दराच्या बाबतीत आपण त्यात बसतो. परंतु आपल्याकडचा भत्ता आयुष्यात एकदाच. तिशीत एकदा घेतला, तर पन्नाशीत कारखाना बंद पडल्यावर ही योजना काही देत नाही. दुसरे असे की, याच विम्यात आजारी माणसाला वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. आजारी आणि बेकार यांच्या चुली काही वेगळ्या नाहीत. निदान पहिला महिना ७० टक्के द्यावा, आणि नव्याने पुरेशी वर्गणी भरल्यास पुन्हा हक्क मिळावा, असे आम्हांस वाटते.

काही व्यापारी मित्र म्हणतात, बसून पैसे मिळाले तर माणूस काम शोधणार नाही. परंतु निम्म्या पगारात तीन महिने कोण आरामात बसेल? अमेरिकेने २०२० साली जुलैअखेरपर्यंत बेकारांना नेहमीच्या भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जादा दिले. ती रक्कम घरभाड्यात आणि दुकानांत खर्च झाली; बाजार त्यावर तगला. आपल्याकडेही असा पैसा बाजारातच फिरणार.

राहिलेले लोक

तथापि वाढलेला दर नोंद असलेल्यालाच लागू पडतो. आपल्या गावात हजारावर मजुरी घेऊन घरी बिड्या वळणाऱ्या बायकांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी झाला. त्यातून दवाखाना, मुलांचे शिक्षण, घर यांना मदत झाली. पण तंबाखू-पान मिळाले नाही तर बेकारी भत्ता नाही. मीटरवर मजुरी घेणारा यंत्रमाग कामगार बहुधा नोंदीबाहेरच. आणि आपल्या दुकानात गाठी उचलणारा, थान उलगडून दाखवणारा नोकर? दहापेक्षा कमी माणसे म्हणून तोही बाहेर.

इथे आपल्या हातात काही आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. दहापेक्षा कमी नोकर असलेल्या पेढीलाही मालक आणि नोकर राजी असतील तर स्वेच्छेने या विम्यात येण्याची वाट तीत आहे. व्यापारी बंधूंनी आपल्या कर सल्लागाराला याविषयी विचारावे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगाराच्या नोकरांची यादी काढावी, हजेरीत दिवस खरे लिहावेत, प्रत्येकाचा आधार क्रमांक आणि बँक खाते नोंदीशी जुळते का ते पाहावे. चार नोकरांचे महिन्याचे १,५६० रुपये आपल्या पेढीला जड होतील की नाही, हे ज्याने त्याने आपल्या वहीत मांडून पाहावे.