वही भरली, पुढे काय?

प्रश्न : घरगुती मसाल्यांपासून यूट्यूब चॅनेलपर्यंत वहीभर कल्पना लिहून ठेवल्यात, पण तडीस एकही जात नाही. काय करू?

उत्तर : वही तूर्त बंद ठेवा. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा मागवला, तेव्हा त्यांनी थेट ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घातला नाही. आधी कुंडीत वाटाणा पेरला, रोपाची वाढ थोडी थोडी टिपली आणि ती चिमुकली फिल्म दाखवून भांडवल मिळवले. मोठा चित्रपट १९१३मध्ये आला. तुम्ही मसाल्यापासून सुरुवात करा. अर्धा किलो गोडा मसाला कुटा, शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्या सोसायटीत विका. हो, विकाच; फुकट दिल्यावर सगळे छानच म्हणतात! दुसरी पुडी मागायला कोण येते, तेवढे बघा. चॅनेलचे नंतर बघू.