तिकिटावर आधी विमान बघा

वाशीम जिल्ह्यात विमानतळ नाही. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी वाढणार, हे ऐकता ऐकता आमच्या पिढीचे केस पांढरे झाले. तरी विमानाची तिकिटं इथूनही रोज निघतात. बुकिंगच्या टेबलावर बसून जे उमगलं, ते सांगतो.

१. गिऱ्हाईक आधी भाडं विचारतं, मग वेळ. मी आधी विमान कोणतं ते बघतो. बारीक अक्षरात ‘एटीआर ७२’ किंवा ‘ए-३२०’ असं लिहिलेलं असतं. म्हातारीला किती पायऱ्या चढाव्या लागतील, मधली सीट वाट्याला येईल का, हे त्यावरच ठरतं.

२. पंख्याचं विमान म्हणजे जुनं खटारं, हा समज काही केल्या जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोऱ्याहून अलायन्स एअरची मुंबई सेवा सुरू झाली, तेव्हा आठवड्यातून तीन दिवस येणारं विमान एटीआर ७२ होतं. लोक फोटो बघून म्हणाले, “हे उडते का बाप्पा?” पंखा बाहेर दिसतो खरा, पण त्याला फिरवणारं इंजिन टर्बाइनचंच. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटरची. सत्तर-बहात्तर माणसांच्या या विमानाला ती सहज पुरते. १८० जागांचं जेट आणायचं, तर रोज तेवढी माणसंही लागतील. वेग जेटपेक्षा कमी आणि उडायचं कमी उंचीवरून, त्यामुळे पावसाळ्यात हादरे जास्त. पण सीटा दोन-दोनच्या, मधे कोणी अडकत नाही.

चढायचं दार मागे असतं, जिना त्या दारालाच. सामानाची जागा पुढे, वैमानिकांच्या मागे. म्हणून उतरायची घाई असलेल्याला मी मागची रांग देतो. एसटीत मागची सीट नको म्हणणाऱ्यांना हे पटवताना घसा कोरडा पडतो.

३. अर्धं विमान रिकामं दिसलं तरी मनाने जागा बदलू नका. माणसं आणि सामान कुठे, यावर विमानाचा तोल मांडलेला असतो. लहान विमानात तो लवकर ढळतो. हवाईसुंदरीला विचारा, ती सांगेल.

४. नांदेडहून स्टार एअरचं एम्ब्रेअर ई-१७५ उडतं. जेट, पण ७६ जागांचं, आणि मधली सीट इथेही नाही. वाशीमहून पूर्णामार्गे रेल्वेने नांदेड गाठता येतं.

५. मालाचं गणित वेगळं. नागपूरहून उडणाऱ्या ए-३२० च्या पोटात तुमच्या बॅगांशेजारी परक्याचा मालही असतो. निव्वळ मालवाहू विमानाला प्रवाशांच्या खिडक्या नसतात, बाजूला भलंमोठं दार असतं. ब्लू डार्टची बोइंग ७५७ तशी. इंडिगोची मालवाहू विमानं म्हणजे सीटा काढून बदललेली प्रवासी ए-३२१. एकात साधारण २७ टन माल जातो. रिसोडचं सोयाबीन त्यात कधी चढणार नाही, भाड्यातच भाव संपेल. औषधं, मोबाइल, यंत्रांचे सुटे भाग, असा हलका नि महाग माल तिथला.

नागपूरने मात्र जुना काळ पाहिलाय. १९४९ पासून रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्री नागपुरात भेटत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करत आणि सकाळपर्यंत आपापल्या शहरी परतत. त्याच विमानांत प्रवासीही असत. मला तर आजच्या कुरिअरपेक्षा ती व्यवस्था जास्त भावते.

६. परगावी कोणी वारलं, तर पार्थिव प्रवासी तिकिटावर येत नाही, कार्गोत बुक होतं. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचं प्रमाणपत्र आणि पोलिसांचं ना-हरकत पत्र आधी गोळा करा. आणि विमान कोणतं आहे ते कार्गोवाल्याला विचाराच. शवपेटी प्रत्येक विमानाच्या दारातून आत जात नाही.

७. कारंजा, मंगरूळपीरचे हाजी नागपूरहून निघतात. परतताना बॅगेत झमझमचे कॅन कोंबू नका, चेक-इनला काढायला लावतात. हाजींच्या वाट्याचं पाणी विमान कंपनी वेगळं आणते आणि नागपुरात उतरल्यावर हातात देते. घ्यायला येणाऱ्या गाडीत तेवढी जागा ठेवा.