लेसरनंतर लेन्स? हो, आणि कडकच

परवा एका बाईंनी पर्समधून चार चष्मे काढून टेबलावर मांडले. लेसरने नंबर गेला होता, पण रात्री समोरच्या गाडीचा एक दिवा तीन दिसायचा, अक्षरांना सावली यायची. दर वेळी कुणीतरी नवा चष्मा गळ्यात मारला होता. कडक लेन्सचं नाव काढताच म्हणाल्या, ‘‘नको हो, लेसर केलेल्या डोळ्याला ती खरवडते म्हणे. पुन्हा एकदा लेसरच मारा की!’’

हे ‘म्हणे’ फार चिवट आहे. लेसरनंतर काहींचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, उंचसखल राहतो. तो चष्म्याने सावरत नाही. मऊ लेन्स ओल्या फडक्यासारखी त्याच उंचवट्यांवर पसरते. कडक लेन्स, जिला दुकानात सेमीसॉफ्ट म्हणतात, आपला आकार सोडत नाही. खालची फट अश्रूंनी भरते आणि प्रकाशाला गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. जखम भरलेल्या डोळ्यावर नीट बसवलेली लेन्स खरवडत नाही. नीट बसवलेली, हं! टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या उंचवट्यांचा नकाशा, काढून, डोळ्यात पिवळा रंग घालून, निळ्या प्रकाशात ती कुठे टेकते ते पाहावं लागतं. टोचतच राहिली तर मोठी स्क्लेरल लेन्स आहे. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. ऑनलाइन मागवायची ही वस्तू नव्हे.

आणि पुन्हा लेसर? लेसरनंतर नंबर वाढतच असेल, तर कॉर्निया कमजोर होऊन पुढे येतोय का, हे आधी तपासायचं. तसं असेल तर लेसरने तो आणखी पातळ होईल. तिथे क्रॉसलिंकिंग, म्हणजे कॉर्नियाला बळकटी देणारा उपचार, लागतं. लेन्सने दिसेल छान, पण आजार थांबणार नाही. डोळे चोळणं मात्र आजपासून बंद.

मध, गुलाबपाणी, मोबाइलवरचे डोळ्यांचे व्यायाम यांनी कॉर्निया सपाट होत नाही. केमिस्टने दिलेले लाली घालवणारे थेंब त्याहून वाईट. त्यात स्टेरॉइड असलं तर डोळ्याचा दाब वाढू शकतो, आणि लेसर केलेल्या पातळ कॉर्नियावर तो मोजताना कमीच भरतो. म्हणून डॉक्टर कुठलाही असो, लेसर झालंय हे आधी सांगा.

लेन्स नळाच्या पाण्याने धुऊ नका, घालून झोपू नका. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा अचानक धूसर दिसू लागलं, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी दाखवा. लेन्स फेकू नका. जंतू तपासायला लागते, डबीसकट घेऊन या.