जुन्या डिझेल चारचाकीचे आयुष्य : यंत्र आणि गंज

चारही चाकांना गती देणारी जुनी डिझेल गाडी सहसा इंजिन झिजल्यामुळे मोडीत निघत नाही. इंजिनाचे भाग बदलता येतात, गिअरपेटी उघडून पुन्हा बसविता येते, जीर्ण झालेले रबर नवे घालता येते. परंतु ज्या पोलादी चौकटीवर हे सारे उभे असते ती आतून पोखरली गेली, की उत्तम चालणारे इंजिनही निरुपयोगी ठरते. म्हणूनच अशा वाहनाच्या निगराणीचा विचार करताना, सर्वसाधारण प्रघाताविरुद्ध, आरंभ इंजिनापासून न करता गंजापासून करणे अधिक श्रेयस्कर होय.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यास कॅनडासारखा दुसरा देश क्वचितच सापडेल. तेथील नियमानुसार १५ वर्षांहून जुने झालेले परदेशी वाहन नव्या वाहनांना लागू असलेली सुरक्षा-मानके पूर्ण करीत नसले तरी देशात आणता येते. शेजारच्या अमेरिकेत हीच मर्यादा २५ वर्षांची आहे. याच सुमारास जपानमध्ये एक वेगळी घडामोड झाली. शहरी हवेच्या प्रदूषणास आळा घालण्यासाठी तेथे १९९२ साली कायदा झाला आणि २००१ साली तो अधिक कडक करण्यात आला. परिणामी टोकियो, ओसाका आणि नागोया या महानगरांच्या परिसरात जुन्या डिझेल गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवणे अवघड झाले. सुस्थितीतील कित्येक गाड्या अशा रीतीने लिलावात आल्या आणि जहाजांतून प्रशांत महासागर ओलांडून व्हँकुव्हरच्या बंदरात उतरल्या. त्यांमध्ये टोयोटा कंपनीची 'लँड क्रूझर ८०' ही गाडी विशेष लोकप्रिय ठरली. १९९० च्या सुमारास बाजारात आलेली ही अवजड गाडी शिडीच्या आकाराच्या स्वतंत्र चौकटीवर बांधलेली असून तिचे पुढचे आणि मागचे दोन्ही आस अखंड आहेत. तिच्या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची क्षमता सुमारे ४.२ लिटर आहे.

जपानच्या मोठ्या भागात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकले जात नाही. होक्काइडो आणि उत्तरेचा बर्फाळ प्रदेश याला अपवाद आहे, आणि गाडी नेमकी कोणत्या प्रांतात वावरली हा प्रश्न खरेदी करणाऱ्याने प्रथम विचारावा तो याच कारणाने. पंधरावीस वर्षे उबदार प्रदेशात काढलेली गाडी खालून पाहिली तर कधीकधी कारखान्यातील रंगासह निष्कलंक दिसते. अशी गाडी ऑन्टारिओ किंवा क्वेबेकच्या रस्त्यांवर उतरली आणि तिला कोणतेही संरक्षण दिले नाही, तर तिची दैना होण्यास मोजके हिवाळे पुरतात. कॅनडात प्रतिवर्षी सुमारे ५० लाख टन मीठ रस्त्यांवर पडते असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालात नमूद आहे.

गंज कसा चढतो

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज निर्माण होतो, हे शालेय पुस्तकातच वाचावयास मिळते. मीठ या क्रियेत स्वतः खर्ची पडत नाही. ते पाण्यात विरघळून त्याची विद्युत्‌वाहकता वाढविते आणि त्यामुळे धातूच्या एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे होणारी विद्युत्-रासायनिक क्रिया जलद होते. कोकणकिनाऱ्यावर खिडकीच्या गजांची अवस्था पाहिलेल्या वाचकास याचा अधिक खुलासा नको. रस्त्यावरचे मीठ मात्र खाऱ्या वाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात, आणि तेही चिखलात कालवून, थेट गाडीच्या पोटावर मारले जाते. साध्या मिठाचा उपयोग थंडी शून्याखाली दहाबारा अंशांपलीकडे गेली की फारसा होत नाही. तेव्हा कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण वापरतात. हे क्षार हवेतील ओलावा स्वतःकडे खेचून घेतात. त्यामुळे कोरड्या दिसणाऱ्या दिवशीही त्यांच्याखालचा पत्रा ओलाच राहतो.

येथे एक गोष्ट सामान्य समजुतीच्या उलट आहे. गाडी रात्री उबदार गॅरेजमध्ये ठेवली की ती सुरक्षित राहते असे मालकास वाटते. वस्तुतः कडाक्याच्या थंडीत, गोठलेल्या चिखलासह, उघड्यावर उभी असलेली गाडी फार मंद गतीने गंजते. उबेत तोच बर्फ वितळतो, खारे पाणी सांध्यासांध्यांत झिरपते आणि वाढलेल्या तापमानामुळे रासायनिक क्रियेस चालना मिळते. गाडी धुऊन मगच आत घ्यावी, नाहीतर ती बाहेर राहिलेली बरी.

गंजाचा सर्वांत घातक प्रकार उघड्या पृष्ठभागावर आढळत नाही. दोन पत्रे एकमेकांवर बसविलेल्या सांध्यात, चिखलाने भरलेल्या पोकळीत, रबरी लेपाच्या सुटलेल्या कडेखाली प्राणवायू कमी पोहोचतो, आणि जेथे तो कमी पोहोचतो तेथील धातूच अधिक वेगाने खाल्ला जातो. शिवाय गंजास मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. त्यामुळे सांधा आतून फुगतो, पत्र्याचे थर एकमेकांपासून विलग होतात आणि नव्या भेगेतून आणखी पाणी शिरते.

लँड क्रूझरमध्ये अशा जागा ठराविक आहेत : पुढील काचेच्या रबराखालची चौकट, छपराच्या कडेची पन्हळ, मागील दाराचा तळ, मागच्या चाकांच्या कमानीचा आतील भाग, आणि शरीर ज्या रबरी गुटक्यांवर चौकटीला जोडलेले असते त्या बैठका. यांपैकी काचेखालचा गंज सर्वांत फसवा असतो. बाहेरून रंगाला केवळ दोन फोड आलेले दिसतात. काच काढल्यावर बोटभर लांबीचे भोक सापडते आणि पावसाचे पाणी कित्येक महिने पायाखालच्या गालिच्यात मुरत होते, असे लक्षात येते.

चौकटीची परीक्षा

चौकटीचे लांब तुळे आतून पोकळ, पेटीसारखे असतात. बाहेरचा रंग शाबूत असताना आतून ते झिजलेले असू शकतात. याची परीक्षा करण्यास महागडे साधन लागत नाही. गाडी भक्कम ठोकळ्यांवर टेकवून, केवळ जॅकच्या भरवशावर कदापि नव्हे, लहान हातोडीने चौकट हातभर अंतरावर ठोकत जावे. निरोगी पोलाद खणखणीत वाजते. झिजलेल्या जागी आवाज बद्द येतो. संशयित ठिकाणी टोकदार पेचकस दाबून पाहावा. तो आत घुसला तर तेथे पोलाद उरलेले नाही असे समजावे. मागच्या आसावरची कमान आणि स्प्रिंगांच्या बैठका येथे विशेष लक्ष द्यावे, कारण चिखल तेथेच साचतो.

विक्रीपूर्वी ज्या गाडीचे पोट नुकतेच दाट काळ्या लेपाने रंगविलेले असेल तिच्याविषयी शंका बाळगणे योग्य. ताजा काळा लेप हा संरक्षणासाठी असतो तितकाच झाकण्यासाठीही असतो. तो खरवडून पाहण्यास विक्रेता नकार देत असेल तर त्या नकारातच उत्तर मिळाले असे मानण्यास हरकत नाही.

येथे निर्णयाचा प्रसंग येतो, आणि तो टाळून चालत नाही. वरवरचा तांबूस गंज हा उपचारसाध्य असतो. चौकटीच्या एखाद्या भागास भोक पडले असेल तर सडलेला भाग कापून, त्याच जाडीचे पोलाद जाणत्या कारागिराकडून जोडून घेता येते. परंतु स्प्रिंगच्या बैठकीजवळ, सुकाणूची पेटी जेथे बसविलेली असते तेथे, किंवा अनेक ठिकाणी एकाच वेळी पोलाद कागदासारखे झाले असेल, तर अडीच टनांची ही गाडी भर रस्त्यात दगा देण्याचा धोका असतो. मग ती मालकाला कितीही प्रिय असो. वर नुसते ठिगळ चिकटवून रंग फासणे ही दुरुस्ती नसून फसवणूक होय, आणि ती पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या जिवावर बेतणारी असते.

गंजाशी संबंधित आणखी एक भाग ब्रेकच्या नळ्यांचा. या पोलादी नळ्या चौकटीच्या वरच्या बाजूने, नजरेआड, मागच्या चाकांपर्यंत जातात आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या चिमट्यांखाली प्रथम गंजतात. नेहमीच्या हलक्या दाबास त्या टिकतात; संकटप्रसंगी चालकाने जोरात पाय दाबला की फुटतात. नळीवर खपल्या दिसल्यास ती पूर्ण बदलावी. तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूच्या नळ्या गंजत नाहीत व वाकविण्यासही सोप्या असतात. ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते साधारणतः दोन वर्षांनी बदलण्याचा प्रघात आहे.

संरक्षणाचे उपाय

गंजरोधनाची वेळ उन्हाळ्याच्या अखेरीची. त्या वेळी गाडी पोकळ्यांपर्यंत कोरडी होऊ शकते. ओल्या पत्र्यावर लेप चढविणे म्हणजे पाणी आत कोंडून ठेवणे. प्रथम दाबाच्या पाण्याने चौकट आतबाहेरून धुवावी, दाराच्या व तुळ्यांच्या तळाशी असलेली निचऱ्याची भोके तारेने मोकळी करावीत आणि गाडी अनेक दिवस वाळू द्यावी. सुटा गंज तारेच्या ब्रशाने काढून टाकावा. उरलेल्या पातळ थरावर फॉस्फरिक आम्ल असलेले द्रावण लावले असता तो काळसर, स्थिर संयुगात रूपांतरित होतो. मात्र खपल्यांच्या थरावर या द्रावणाचा काहीही उपयोग नाही. त्यावर इपॉक्सी प्रायमर व रंग द्यावा.

पुढच्या लेपाविषयी मतभेद आहेत. डांबरी किंवा रबरी जाड लेप दिसावयास भक्कम, परंतु काही वर्षांनी तो कडक होतो, त्याला चिरा पडतात आणि त्या चिरांतून शिरलेले खारे पाणी बाहेर पडू शकत नाही. जुन्या गाडीवर तो हितापेक्षा अहितच अधिक करतो. मेंढीच्या लोकरीतील स्निग्ध द्रव्य, म्हणजेच लॅनोलिन, किंवा पातळ तेल फवारणे हा उपाय अधिक समंजस वाटतो. तेल सांध्यांत झिरपते, कधीही पूर्ण सुकत नाही, आणि आधीच असलेल्या गंजाच्या थरातही शिरते. त्याचा दोष एवढाच की ते धुऊन जाते. म्हणून दर वर्षी ते पुन्हा फवारावे लागते. पोकळ तुळ्यांसाठी लांब नळीच्या टोकाने आत फवारले जाणारे मेण उत्तम. तेल वा मेण ब्रेकच्या चकत्यांवर, धुराड्यावर किंवा रबरी गुटक्यांवर पडू देऊ नये. खनिज तेलाने काही प्रकारचे रबर फुगते.

इंजिन आणि गतिवाहक भाग

पोलाद शाबूत असेल तरच इंजिनावर खर्च करण्यास अर्थ आहे. लँड क्रूझरच्या डिझेल इंजिनात कॅमशाफ्ट दातेरी रबरी पट्ट्याने फिरते आणि हा पट्टा १ लाख किलोमीटरनंतर बदलावयाचा असतो. त्याची आठवण देणारा दिवा चालकासमोर पेटतो. पण पट्टा न बदलताही तो दिवा विझविता येतो. तेव्हा कागदोपत्री पुरावा नसेल तर पट्टा जुनाच आहे असे गृहीत धरावे, कारण तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. टर्बो असलेल्या पहिल्या इंजिनांत कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाची बेअरिंग लवकर झिजतात असा अनुभव असल्यामुळे अनेक जाणकार मालक ती तेलाची टाकी खालून उघडून वेळेपूर्वीच बदलतात. इंजिन ऑईल मात्र ५,००० किलोमीटरनंतर बदलण्यात कसूर नको. डिझेल इंजिनाची काजळी तेलातच साठते.

कॅनडात २००६ पासून रस्त्यावरील वाहनांच्या डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्षात १५ भागांवर आणले गेले. हवेच्या दृष्टीने हे इष्टच झाले, परंतु जुन्या पंपातील रबरी सीलांना याची झळ बसली. ज्या घटकांमुळे ती सील फुगलेली राहत होती ते घटक इंधनातून कमी झाल्यामुळे ती आकसू लागली आणि पंप पाझरू लागले. पंप नव्या प्रकारच्या सीलांनिशी बांधून घेतला की ही तक्रार दूर होते. इंधनाच्या गाळणीतील पाणी नियमितपणे काढून टाकावे. थंडीत ते गोठून मार्ग बंद करते. थंडीत डिझेलमधील मेणही घट्ट होते, म्हणून हिवाळी डिझेल भरल्याखेरीज उत्तरेकडे प्रवासास निघू नये. नोझलची तपासणी करताना हात दूर ठेवावा. तेथून उडणारी धार कातडी भेदून आत जाण्याइतक्या दाबाची असते.

पुढच्या आसाच्या दोन्ही टोकांना, वळणाऱ्या गोलाकार कवचात, गतिवाहक सांधे ग्रीसमध्ये बुडालेले असतात. आतील सील झिजले की डिफरन्शियलमधील तेल त्या ग्रीसमध्ये मिसळते आणि काळा, पातळ रस कवचाबाहेर ओघळू लागतो. हे चिन्ह दिसताच कवच उघडून, सांधे स्वच्छ करून, मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस भरून नवी सील बसवावीत. काम घाणेरडे असले तरी अवघड नाही. आसांच्या श्वसननळ्याही तपासाव्यात. तापलेला आस नदीच्या थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकुंचन पावते, आणि नळी तुंबलेली असेल तर सीलांमधून पाणी आत खेचले जाते. असे तेल दुधाळ दिसते व तात्काळ बदलावे लागते. प्रॉपेलर शाफ्टच्या निपलांतून ग्रीस भरण्याचे काम दर खेपेस ऑईल बदलतानाच उरकावे.

हिवाळा संपून रस्त्यावरचे मीठ पहिल्या पावसाने वाहून गेले, की गाडीचे पोट पुन्हा एकदा सावकाश धुवावे. चाकांच्या कमानींचा आतला भाग, पुढचा बंपर आणि टाकीवरची जागा विसरू नये. त्याच दिवशी हातोडी घेऊन चौकट पुन्हा ठोकून पाहावी, आणि गेल्या वर्षी कोठे कोणता आवाज आला होता ते वहीत लिहिलेले असेल तर त्याशी ताडून पाहावे.